विश्लेषण : मुलांमधील ‘मंत्रचळ’ ओळखायचा कसा? वर्धा जिल्ह्यात उपचार कुठे, घरच्यांनी काय करायचे?

आंघोळीला पाऊण तास. पाच वेळा भरलेले दप्तर. खोडरबर घासून घासून फाटलेले वहीचे पान. आणि दिवसभर एकच प्रश्न : ‘आई, काही होणार नाही ना?’ घरात याला कधी टापटिपीची आवड म्हणतात, कधी नाटकं. काही मुलांच्या बाबतीत मात्र हा ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार असतो. त्यावर परिणामकारक उपचार आहेत आणि त्यांची सुरुवात वर्धा जिल्ह्यातच करता येते. अडचण असते ती आजार ओळखण्यात. त्याहून मोठी अडचण घरच्यांच्या मायेतून तयार होते.

मंत्रचळ नेमका काय असतो?

या आजाराचे दोन भाग असतात. मनात नको असलेला, भीतिदायक विचार पुन्हा पुन्हा घुसतो. तो विचार शांत करण्यासाठी मूल एखादी कृती पुन्हा पुन्हा करते. समजा, आर्वी तालुक्यातील सहावीतला एक मुलगा आहे. एसटीच्या दाराला लागलेला हात आपल्या लहान बहिणीच्या ताटाला लागेल आणि ती मरेल, असे त्याला वाटू लागते. तो हात धुतो. दहा मिनिटे बरे वाटते. ‘धुतले म्हणून बहीण वाचली’ एवढेच त्याच्या मेंदूच्या लक्षात राहते. दुसऱ्या दिवशी एकदा धुऊन भागत नाही. महिनाभरात साबणाची वडी दोन दिवसांत संपू लागते आणि हातांना भेगा पडतात.

हे वेडगळ आहे, हे अनेक मुलांना कळत असते. लहान मुलांना कळेलच असे नाही. पण कळल्याने थांबता येत नाही, आणि म्हणूनच ‘कशाला करतोस, नको करू’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही. दार लावले का, गॅस बंद आहे का, हे एखाद वेळी दोनदा पाहणारे सगळेच असतात. त्याला आजार म्हणत नाहीत. दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ यात जाऊ लागला किंवा शाळा, झोप, जेवण, खेळ बिघडू लागले, की डॉक्टरांना दाखवायला हवे. मुलग्यांमध्ये हा आजार अनेकदा दहाव्या वर्षाच्या आधीच डोके वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा.

सोवळे आणि मंत्रचळ यांत फरक कसा करायचा?

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. आजी सोवळ्यात स्वयंपाक करते, बाहेरून आल्यावर पाय धुवायला लावते, मासिक पाळीत शिवाशीव पाळली जाते. अशा घरात मुलाचे हात धुणे कोणाला खटकत नाही. त्यातून वर्धा हा सेवाग्रामचा जिल्हा; येथे सफाई हे मूल्य म्हणून शिकवले गेले. त्यामुळे अति स्वच्छ मुलाचे कौतुकच होण्याची शक्यता जास्त.

फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आजीचे सोवळे संपते. आंघोळ झाली, पूजा झाली, ती समाधानाने उठते. मंत्रचळ झालेल्या मुलाला ‘झाले’ असे वाटतच नाही. नमस्कार करताना मध्ये कोणी बोलले, की पुन्हा पहिल्यापासून. एकवीस नमस्कार मोजताना चुकल्याची शंका आली, की पुन्हा पहिल्यापासून. यात आनंद नसतो, धास्ती असते. ज्या घरात धार्मिक वातावरण आहे तेथे आजार धर्माचे रूप घेतो, इतरत्र जंतूंचे, परीक्षेचे किंवा अपघाताचे. म्हणून दोष श्रद्धेला देण्याचे कारण नाही आणि बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवण्याचेही नाही.

हात न धुणाऱ्या मुलालाही मंत्रचळ असू शकतो का?

असू शकतो, आणि नेमकी हीच मुले नजरेतून सुटतात. केरळमधील ७३ शाळांत १२ ते १८ वर्षे वयोगटातील सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात ०.८ टक्के विद्यार्थ्यांमध्ये ओसीडी आढळला. हजार पटसंख्येच्या शाळेत सात-आठ मुले, असा त्याचा हिशेब होतो. विशेष म्हणजे या मुलांमध्ये सर्वाधिक आढळलेले लक्षण हात धुण्याचे नव्हते. निषिद्ध वाटणारे विचार आणि मनातल्या मनात चालणाऱ्या कृती यांचे प्रमाण सर्वाधिक होते.

म्हणजे देवाची मूर्ती दिसली की मनात शिवी येते. विळी दिसली की ‘मी धाकट्या भावाला मारीन का?’ असा विचार येतो. मोठ्या मुलांना लैंगिक विचार छळतात. हे विचार मुलाला हवे नसतात. उलट ते त्याच्या स्वभावाच्या पार विरुद्ध असतात, म्हणूनच ते इतके घाबरवतात. ते पुसून टाकण्यासाठी मूल मनात आकडे मोजते, जप करते, एखादे वाक्य उलटे म्हणते. बाहेरून दिसते ते एवढेच, की मुलाचे लक्ष नाही, पेपर अर्धा सोडला, वाचताना एकाच ओळीवर अडकला. असे विचार मुलाने कधी बोलून दाखवलेच, तर ‘असं मनात येतंच कसं?’ हा प्रतिसाद सर्वांत घातक. विचार येणे आणि तसे करण्याची इच्छा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐकूनच अनेक मुलांचा अर्धा भार उतरतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे वर्ध्यासाठी वेगळा आकडा त्यातून मिळत नाही. निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण मात्र त्या सर्वेक्षणात ७० टक्क्यांच्या पुढेच आढळले. विदर्भात मानसिक आरोग्याची चर्चा बहुतांशी शेतकरी आत्महत्यांभोवती फिरते आणि ते स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त वर्धाही आहे. शाळेत जाणाऱ्या, न रडणाऱ्या, वरवर शहाण्या दिसणाऱ्या मुलाकडे त्या चर्चेत सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

घरच्यांची मदतच आजाराला खतपाणी कशी घालते?

आर्वीच्या त्या काल्पनिक मुलाकडे परत जाऊ. तो रडतो म्हणून आई नळ सोडून देते, म्हणजे त्याला तोटीला हात लावावा लागू नये. बाबा एसटीतून उतरल्यावर अंगणातच कपडे बदलतात. बहिणीचे ताट वेगळे ठेवले जाते. ‘काही होणार नाही ना?’ याला आई दर वेळी ‘नाही रे बाळा, काही नाही होणार’ म्हणते. कोणाही आईने हेच केले असते. मूल तडफडत असताना तत्त्वे आठवत नाहीत.

पण प्रत्येक वेळी मुलाच्या मेंदूला एकच निरोप मिळतो : धोका खरा होता, म्हणून तर सगळे सांभाळून घेत आहेत. आश्वासनाची गोष्ट तर हात धुण्यासारखीच आहे. दहा मिनिटे आराम, मग पुन्हा तोच प्रश्न. ओसीडी असलेल्या मुलांच्या बहुतेक घरांत ही सांभाळासांभाळ चालते. ती जितकी जास्त, तितका आजार तीव्र राहतो आणि उपचारांना दाद कमी देतो, असे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे.

याचा अर्थ उद्यापासून सगळे एकदम बंद करावे, असा नाही. तसे केले तर घरात रणकंदन होते, तिसऱ्या दिवशी आजी हार मानते आणि पुरेसे रडले की घरचे नमतात, हे मूल शिकते. बदल मुलाला सांगून, एकेक करून, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायचा असतो. हा शेवटचा भाग एकत्र कुटुंबात सर्वांत कठीण. आईने ठरवले आणि काकूने गुपचूप नळ सोडला, की आठवडा वाया गेला.

बोलायचे कसे, यालाही महत्त्व आहे. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणू नये, कारण मुलाला भीती वाटते आहे. ‘तुला खूप भीती वाटतेय, ते मला दिसतंय. पण हा प्रश्न तुझा नाही, मंत्रचळाचा आहे. त्याला मी एकदाच उत्तर देणार,’ असे म्हणता येते. आजाराला मुलापासून वेगळे काढण्याची ही युक्ती लहान मुलांना चांगली जमते. काही मुले त्याला एखादे चिडवायचे नावही ठेवतात. चिडवणे आजाराला, मुलाला नव्हे. मारणे, पाणी तोडणे, पाहुण्यांसमोर टिंगल करणे यांनी कृती थांबत नाही, लपून होऊ लागते.

उपचार कोणते आणि ते किती उपयोगी?

मुख्य उपचार गोळ्यांचा नाही, सरावाचा आहे. त्याला ईआरपी म्हणतात : भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये लंडनमध्ये या पद्धतीचा पाया घातला. आधी मुलाबरोबर बसून भीतीची शिडी केली जाते. सगळ्यात खालच्या पायरीवर घराचे फाटक धरायचे आणि पंधरा मिनिटे हात धुवायचे नाहीत. मधल्या पायरीवर एसटीचे दार धरायचे. वरच्या पायरीवर त्याच हाताने बहिणीला बिस्कीट द्यायचे. प्रत्येक पायरीवर भीती शंभरपैकी किती, हे मूल स्वतः सांगते. भीती चढते, रेंगाळते आणि न धुताही उतरते. निदान सहन करता येते, हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळते. पायरी मुलाच्या संमतीने ठरते. जबरदस्तीने चिखलात हात घालायला लावणे म्हणजे ईआरपी नव्हे.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही प्रामुख्याने वापरली जातात. ती झोपेची औषधे नाहीत आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. मात्र ओसीडीत त्यांचा पुरेसा परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल फार अस्वस्थ झाले, झोप उडाली किंवा मरण्याबद्दल बोलू लागले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटू लागल्यावरही औषध बरेच महिने चालते आणि हळूहळू कमी केले जाते. मनाने बंद करायचे नसते.

दोन्हींची तुलना करणारी एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेत झाली आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ७ ते १७ वर्षांची ११२ मुले त्यात होती. बारा आठवड्यांनंतर आजार जवळपास गेलेल्यांचे प्रमाण असे होते : सराव आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांत सुमारे ५४ टक्के, फक्त सराव करणाऱ्यांत ३९ टक्के, फक्त औषध घेणाऱ्यांत २१ टक्के, आणि औषधाविना नुसती गोळी मिळालेल्यांत चार टक्क्यांहूनही कमी. वाट पाहून आजार आपोआप जातो, या आशेला शेवटचा आकडा पुरेसे उत्तर आहे. पहिला आकडाही शंभर नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे. अनेकांचा आजार पूर्ण न जाता आटोक्यात येतो, आणि परीक्षा, वसतिगृह, घरातला मृत्यू अशा वेळी पुन्हा उसळू शकतो.

वर्धा जिल्ह्यात जायचे कुठे?

या जिल्ह्याचे एक वेगळेपण आहे. वर्धा शहराच्या अगदी जवळ दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय हे एक. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हे दुसरे. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे केंद्र आहे. त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी नागपूर गाठण्याची गरज नाही.

‘नागपूरला नेणार’ हे शब्द विदर्भात कसे ऐकू येतात, हे वेगळे सांगायला नको. त्या भीतीपायी अनेक जण मनोविकारतज्ज्ञाचे नावच काढत नाहीत. ओसीडी असलेल्या बहुतेक मुलांना दाखल करावेच लागत नाही. उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात. क्वचित दाखल करायची वेळ आलीच, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती त्याच्यासोबत राहते. मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, अशी तरतूदही याच कायद्यात आहे. मात्र पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरलेला आहे का, हे तपासून घ्यावे.

आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या पालकांसाठी खरी अडचण अंतराची आहे. ईआरपीला सुरुवातीला साधारण दर आठवड्याला भेट लागते. दर वेळी एसटीने येणे-जाणे म्हणजे एका माणसाची मजुरी आणि मुलाची शाळा बुडणे. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट बोलावे : महिन्यातून किती वेळा प्रत्यक्ष येणे जमेल, मधल्या भेटी फोनवर किंवा व्हिडीओ कॉलवर होतील का, घरी रोज काय सराव करून घ्यायचा. आणखी एक प्रश्न न लाजता विचारावा : ‘येथे ईआरपी कोण करते?’ मनोविकारतज्ज्ञ निदान करतात आणि औषध देतात. सराव बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ घेतात आणि त्यांची संख्या सर्वत्रच तोकडी आहे. नुसते ‘मन शांत ठेव, चांगला विचार कर’ असे समुपदेशन या आजाराला पुरत नाही.

जाताना आठवडाभराची साधी नोंद न्यावी. कोणती कृती, किती वेळ, त्याआधी काय घडले, घरच्यांनी काय केले. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलू इच्छितात, तेव्हा बाहेर थांबावे. विचित्र विचार मुले आईवडिलांसमोर सांगत नाहीत. तीव्रता मोजण्यासाठी दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण शून्य ते ४० असतात. पुढच्या भेटींत हाच आकडा खाली येतो का, हे पालकही पाहू शकतात. लक्षणे घसादुखी किंवा तापानंतर एक-दोन दिवसांत एकदम उफाळली असतील, तर ते आवर्जून सांगावे. अशा मुलांची तपासणी वेगळ्या दिशेने करावी लागते.

गावातून सुरुवात करायची असेल तर आशा सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पुढे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकतात. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तेथेही विचारता येईल.

शाळेची भूमिका काय?

वर्गशिक्षकांना सांगायचे की नाही, यावर बरेच पालक अडखळतात. सगळ्या शाळेला सांगण्याची गरज नाही. एका विश्वासू शिक्षकाला, मुलाला विचारून, सांगितलेले चांगले. मूल वारंवार शौचालयात का जाते, वही अपूर्ण का, ‘बाई, बरोबर लिहिलं ना?’ असे दहादा का विचारते, हे त्यांना कळते. शिक्षक शिक्षा थांबवू शकतात, खोडरबराऐवजी एका रेघेने खोडायची मुभा देऊ शकतात, आणि घरी ठरलेला ‘एकदाच उत्तर’ हा नियम वर्गातही पाळू शकतात. निवासी शाळेत हीच माहिती अधीक्षकांना हवी. न्हाणीघरापुढे रांग असताना अर्धा तास लावणाऱ्या मुलाची इतर मुले काय गत करतात, ते वसतिगृहात राहिलेल्यांना ठाऊक असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. आजार दीर्घ आणि तीव्र असून अपंगत्व किमान ४० टक्के ठरले, तर प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मागता येतात. बहुतेक मुलांना याची गरज पडत नाही. सवलत घ्यायचीच तर उपचार करणाऱ्यांशी बोलून. नाहीतर वाढीव वेळही पुन्हा पुन्हा तपासण्यातच जातो.

मूल यायलाच तयार नसेल तर?

तरी पालकांनी जावे. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर काम करण्याची एक पद्धत विकसित केली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिंताविकार असलेल्या मुलांना या पद्धतीने थेट उपचारांइतकाच फायदा झाला. ती चाचणी ओसीडीची नव्हती, पण तिचा गाभा येथेही लागू पडतो : मुलाला बदलायला लावण्याआधी पालक स्वतःचे वागणे बदलतात. आश्वासन कमी करणे, नळ न सोडणे, वेगळे ताट बंद करणे, हे मुलाच्या सहकार्याशिवायही सुरू करता येते. फक्त कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे.

कोणाशी तरी आधी फोनवर बोलायचे असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास आणि मोफत आहे. मराठीत बोलता येते. मूल स्वतःला इजा करण्याचे किंवा जगायचे नाही असे बोलत असेल, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, औषधे आणि शेतातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात त्याच दिवशी न्यावे.